दीवच्या फांद्यावाल्या ताडाचं फळ: खायचं कसं, आणि झाड आपलं की आफ्रिकेचं?

भटकी_मांजर
दीवला नागवा बीचवर गेलेल्यांनी ही झाडं पाहिली असणारच. पानं आपल्या ताडासारखी पंख्याची, पण खोड थोडं वर गेलं की दुभंगतं, मग त्या दोनांची चार होतात. तिथे त्याला होका म्हणतात. बाजारात एक मावशी त्याची फळं विकत होत्या. तपकिरी, पॉलिश मारलेली वाटावीत इतकी चकचकीत. हौसेने किलोभर घेतली. घरी वरवंटा झाला, हातोडी झाली, दाराच्या फटीत धरूनही झालं. वरचा थर सोलटून पडला, आतली बी जशीच्या तशी.

तर विचारायचं असं, की हे नेमकं खातात कसं? आतली बी कशाच्या उपयोगाची आहे का? आणि आमच्या रिक्षावाल्याने छातीठोकपणे सांगितलं की ही झाडं पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून आणून लावली. खरं आहे का? जाणकारांनी सांगावं. 'दीवला जाऊन फळंच आणलीत का' छापाचे प्रतिसाद नकोत.

कोकणी_फणस
दीवला जाऊन फळंच आणलीत का?

(राहवलं नाही. चालू द्या.)

पक्या_विरारकर
ताडाच्याच जातीचं दिसतंय. आमच्याकडे ताडगोळे कोवळे असतानाच उतरवतात. एकदा आतला गोळा निबर झाला की गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. तुम्हाला मावशींनी निबर माल गळ्यात मारला.

नाईलकाठचा
पक्याभाऊ, मावशींची काही चूक नाही. या झाडाचं पिकलेलंच फळ खातात, आणि खायचा भाग म्हणजे मांजरताईंनी सोलून टाकला तोच.

मी काही वर्षं अस्वानजवळ बेनबानच्या सोलर प्रकल्पावर होतो. तिथे याचा आफ्रिकन भाऊ मिळतो, दूम. अस्वानच्या बाजारात मसालेवाल्यांकडे कर्काडेच्या (आपली लाल अंबाडी) पोत्यांशेजारी दूमचं पोतं असतंच. वरची चकचकीत साल अगदी पातळ असते. ती सुरीने खरवडून काढायची. तिच्याखाली तपकिरी, दोरेदोरे असलेला खरबरीत थर लागतो. तो दाताने ओरबाडून चघळायचा आणि चोथा थुंकायचा. चव गुळचट, सुंठीच्या अंगाने जाणारी, शेवटी जरा तुरट. इंग्रजांनी त्याला जिंजरब्रेडचं झाड म्हटलं ते त्यामुळेच. नूबियन पोरं शाळेतून येताना खिशातून काढून चघळत असतात. दात मात्र त्या वयाचे हवेत.

आपल्यासारख्यांसाठी सरबत. सोललेल्या थराचे तुकडे रात्रभर पाण्यात भिजवायचे, सकाळी त्याच पाण्यात उकळायचे. पाणी काळसर तांबूस झालं की गाळून साखर घालून गार करायचं. घरी कुटायचा कंटाळा म्हणून तिथे भुकटीच विकत आणतात. काही दुकानांत दुधात घालूनही देतात. पारा चाळिशीच्या वर असताना मला ते कुठल्याही कोल्ड्रिंकपेक्षा आवडायचं.

आणि हे काही आजचं खाणं नाही. तुतनखामेनच्या थडग्यात सोन्याच्या मुखवट्याचा गवगवा झाला, पण तिथे दूमच्या फळांनी भरलेल्या टोपल्याही होत्या. राजाच्या पुढच्या प्रवासाची शिदोरी. लक्झरला कारागिरांच्या वस्तीतली थडगी बघायला मिळतात. त्यातल्या सेन्नेजेमच्या थडग्यात परलोकातलं शेत रंगवलंय. त्या शेताच्या कडेची झाडं नीट बघा. सरळसोट ती खजुराची, दुभंगलेली ती दूमची.

आरोग्यमंत्र
दूमची पावडर उच्च रक्तदाबावर रामबाण आहे. साखरही आटोक्यात राहते. माझ्याकडे अस्सल मिळेल, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

डॉ_कडुलिंब
रामबाण शब्द दिसला की मी येतोच. रक्तदाबाला दूम चांगलं हा समज इजिप्तमध्ये घरोघरी आहे, पण म्हणून आपल्या गोळ्या थांबवून कोणी भुकटी सुरू करू नये. गोळ्या बंद करून 'नैसर्गिक' काहीतरी सुरू केलेले पेशंट मी नको तेव्हा, नको त्या अवस्थेत पाहतो. सरबत म्हणून प्या, मजेत प्या. आणि साखर आटोक्यात ठेवणाऱ्या सरबतात वरून साखर घालायची असते हेही एकदा वाचा.

कोकणी_फणस
डॉक्टर, 'नको त्या अवस्थेत' वर वेगळा धागा काढा.

वनस्पतीवेडी
पक्या आणि नाईलकाठचा दोघांचंही बरोबर आहे. ताड आणि हे झाड जवळचे नातलग आहेत. होका किंवा दूमचं फळ कोवळं असताना आत पाणी आणि मऊ गर असतो, ताडगोळ्यासारखाच, आणि तोही खातात. फरक एवढाच की ताडाच्या फळात बहुतेक वेळा तीन गोळे, इथे एकच. आणि ताडाचा पिकलेला गर शिजवून-गाळून खातात, याचा कोरडाच चघळतात.

फांद्यांचं म्हणाल तर माड-पोफळीलाही कधीमधी फांद्या फुटतात आणि त्याची बातमी होते, लोक हळदकुंकू वाहतात. तो अपघात. इथे मात्र शेंड्याचा कोंबच दोन समान भागांत विभागतो आणि हे पुन्हा पुन्हा होतं. या झाडाचा तो स्वभावच आहे. नर आणि मादी झाडं वेगळी असतात.

पोर्तुगीजांच्या मुद्द्यावर सवडीने लिहिते. तो रिक्षावाला मलाही भेटला होता बहुतेक.

सुतारपक्षी
आतल्या बीबद्दल मी लिहितो, कारण माझ्या टेबलावर एक पडली आहे (आफ्रिकेतली, मित्राने आणलेली).

ताडगोळ्याचा मऊ गर जून होत जातो तसतशा त्याच्या पेशींच्या भिंती जाड होतात. त्यांत मॅनन नावाची, साखरेच्या रेणूंची लांब साखळी साठत जाते. कोंब फुटल्यावर रोप हीच साखळी तोडून तोडून तिच्यावर जगतं. म्हणजे रोपासाठी ते कोठार, आणि आपल्या हातात आलं की पांढराशुभ्र टणक पदार्थ, ज्याला वनस्पतीचा हस्तिदंत म्हणतात. मांजरताई, तुमचा वरवंटा हरला यात नवल नाही.

करवतीने आडवा काप घेतला की बाहेर तपकिरी कड, मग पांढरी जाड कडी, आणि मधे पोकळी. या पोकळीमुळे सलग मोठा तुकडा मिळत नाही. बटणं, मणी, अंगठ्या एवढंच निघतं. मी लेथवर लावून पाहिलं. पटाशीला धार असेल तर पातळ, पापुद्र्यासारख्या साली निघतात. धार गेली की घर्षणाने तापतं, जळका वास येतो आणि पांढऱ्यावर डाग पडतात. शेवटी नुसत्या सुती कापडाने घासलं तरी झळाळी येते, पॉलिश लागत नाही.

हे काम जुनंच आहे. ग्रीक लेखक थिओफ्रास्टस, इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकातला, त्याने इजिप्तच्या या झाडाचं वर्णन करताना दुभंगणारं खोडही नोंदवलंय आणि बियांपासून पडद्यांच्या कड्या कातत हेही. मला त्याहून आवडलेली गोष्ट वेगळी आहे. आपल्या जुन्या सुतारांचा सामता, लाकडाला भोक पाडायचा, आठवतोय का कोणाला? दोरीने फिरवायचा. त्याच्या माथ्यावर दाब द्यायला हातात काहीतरी गुळगुळीत धरावं लागतं, नाहीतर तळहात सोलवटून निघतो. प्राचीन इजिप्तचे सुतार त्यासाठी दूमची अर्धी बी वापरायचे. उत्खननात अशा बिया सापडल्या आहेत, मधोमध फिरून फिरून खळगा पडलेल्या.

सुलभाताई_दादर
माझे आजोबा सुतारकाम करत. सामता त्यांच्याकडे होता, पण माथ्यावर ते करवंटीचा तुकडा धरत. वाचून बरं वाटलं.

सुतारपक्षी
ताई, करवंटी म्हणजे नारळाचीच, म्हणजे घराणं तेच.

निवृत्त_सुभेदार
बटणांचा विषय निघाला म्हणून लिहितो. इथिओपिया आणि इरिट्रियाच्या सीमेवर संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना होती, त्यात आपली पलटण होती, आणि मी पलटणीत होतो. इरिट्रियाच्या पश्चिमेला बर्का नदी आहे. नदी म्हणायची, वर्षातले बरेच महिने नुसती वाळू. पण काठाने दूमची झाडी. आमचा वाटाड्या म्हणायचा, वाळूत खणायचंच असेल तर दूमच्या जवळ खणा. खाली पाणी असल्याशिवाय हे झाड इतकं दाट उभं राहत नाही. एकदा एका म्हाताऱ्याने आमच्यासमोर हाताने वाळू उपसली. कोपरभर खोल गेल्यावर वाळू ओली झाली, मग थांबून राहिला आणि तळाला ओंजळभर गढूळ पाणी जमलं. पहिलं पाणी त्याने शेळीला दिलं.

इटालियनांचं राज्य असताना या भागातून दूमच्या बिया बटणांसाठी जात असत. पुढे प्लास्टिक आलं आणि तो धंदा बसला. पानांचा धंदा मात्र कधी बसला नाही. तिकडे आणि लगतच्या सुदानात बेजा लोक राहतात, उंट-शेळ्या घेऊन फिरणारे. त्यांचे तंबू कापडाचे नसतात, दूमच्या पानांच्या चटयांचे असतात. चटया सोडल्या, गुंडाळल्या, उंटावर टाकल्या की घर निघालं. दोर त्याचेच, टोपल्या त्याच्याच, झाडूही त्याचाच. दुष्काळात फळं कुटून खायची.

कोकणी_फणस
सुभेदारसाहेब, सलाम. आमच्या सोसायटीला पार्किंगचे पत्रे बदलायला दोन वार्षिक सभा लागल्या.

विंडहूकची_सून
नामिबियातून हजेरी! आमच्याकडे याच कुळातलं मकलानी. उत्तरेकडे ओवाम्बो भागात मैलोन्‌मैल सपाट जमीन आणि त्यात ही झाडं. इतोशा अभयारण्यात नामुतोनीच्या जवळ 'ट्वी पाम्स' नावाचा पाणवठा आहे, फोटोंत कायम असतो, ती झाडं हीच.

इकडे बियांवर कोरीवकाम करतात. वरची गडद साल ठेवून तिच्यावर जिराफ, हत्ती, गेंडा कोरतात. रेषा पांढरी उठते, पार्श्वभूमी चॉकलेटी राहते. मग किचेन करून विकतात. स्वाकोपमुंडला फिरायला गेलात तर एक सावधगिरी: कोणी गोड हसून "तुमचं नाव काय?" विचारलं तर सांगू नका. बोलता बोलता तो बीवर तुमचं नाव कोरून मोकळा होतो आणि मग नाव कोरलेली वस्तू दुसऱ्या कोणाला विकणार, घ्याच म्हणतो. आमच्याकडे पाहुणे आले की दोन-तीन 'प्रकाश' आणि एखादी 'वैशाली' हमखास घरी येते. माझ्या सासऱ्यांनी युक्ती म्हणून आपलं नाव 'त्र्यंबकेश्वर' सांगितलं. त्या पोराने दोनदा उच्चार विचारला आणि कोरलं की हो! पैसेही जास्त घेतले, अक्षरं जास्त म्हणून.

हत्तींना ही फळं फार आवडतात. बी त्यांच्या पोटातून सहीसलामत बाहेर येते आणि लिदीत रुजते. माणसं फळं आंबवून त्यापासून ओम्बिके नावाची दारू गाळतात. (मांजरताई माफ करा, दारू आलीच.) आणि शेंड्यातून रस काढून ताडीही करतात.

शेजारी बोट्सवानात ओकावांगोच्या काठाला एट्शा नावाची गावं आहेत. तिथल्या बायकांच्या टोपल्या जगभर जातात. अंगोलातल्या युद्धामुळे पळून आलेल्या हाम्बुकुशू लोकांना १९६९ च्या सुमारास तिथे वसवलं, आणि त्या बायकांनी ही कला सोबत आणली. झाडाचं न उघडलेलं कोवळं पान घेतात, चिरून बारीक पट्ट्या करतात, आणि एका झुडपाच्या मुळांसोबत उकळून तपकिरी रंग चढवतात. वीण इतकी घट्ट की जुन्या टोपल्यांत म्हणे बिअर ठेवायचे, गळायची नाही. मी एक घेतली आहे. माझी त्यात कांदे ठेवायची हिंमत होत नाही.

अर्नाळ्याचा_भंडारी
ताई, शेंड्यातून रस म्हणजे? आम्ही पिढ्यानपिढ्या ताड-माड छेदतो. पोय (फुलोरा) बांधायची, टोक कापायचं, मडकं लावायचं, सकाळ-संध्याकाळ नवा काप द्यायचा. शेंड्याला कोयता लागला तर झाड मेलं. आमच्यात असं करणाऱ्याला कोणी पुन्हा झाडावर चढू देणार नाही.

विंडहूकची_सून
दादा, इथे बऱ्याच ठिकाणी शेंडाच कापतात. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालाही याच कुळातल्या इलाला नावाच्या झाडाचं असंच करतात. ते खोड त्यानंतर मरतं. पण झाड बुडापासून फुटवे काढतं, त्यामुळे रानात ते झुडपासारखंच दिसतं, उंच वाढलेलं कमी.

अर्नाळ्याचा_भंडारी
फुटवे येतात म्हणून चाललंय. ताडाला फुटवे नाहीत. ताड एकदा गेला की नातवाच्या वेळेपर्यंत वाट बघायची. पण मला हे पटत नाही. पोयीतून रस येत असेल तर शेंडा कशाला मारायचा?

नाईलकाठचा
दादा, ठेंगण्या, पसरट झुडपांना चढायचं कुठे आणि पोय बांधायची कुठे? बुडाशी उभं राहून कापलं की काम झालं. तुमच्याकडची पद्धत चाळीस-पन्नास फुटी झाडावर बेतलेली आहे. पण जिथे सगळेच कापायला लागतात तिथे पुढे पानंही मिळत नाहीत आणि फळंही. टोपलीवाल्या आणि ताडीवाले एकाच कोंबावर टपलेले.

अर्नाळ्याचा_भंडारी
हे कारण बरोबर वाटतंय. तरी कोयता उचलवणार नाही.

सोलापुरी_चादर
सगळे आफ्रिकेत पोचलात. आपल्या दुष्काळी पट्ट्यात हे सगळं शिंदीने केलं की. ओढ्याच्या काठाला, जिथं खाली ओल आहे तिथं शिंदी. तिची केरसुणी, जी आपण लक्ष्मीपूजनाला पाटावर ठेवतो. तिच्या चटया, पाट्या, फडे. मातंग समाजातली कितीतरी कुटुंबं यावर जगली. फळं पोरं खायची, रस निघायचा. आता ओढे जेसीबीने सरळ केले, काठ मोकळे केले, शिंदी गेली आणि केरसुणी प्लॅस्टिकची झाली. आमच्या गावात केरसुण्या करणाऱ्या मावशी शिंदीचा पाला आणायला आता दुसऱ्या तालुक्यात जातात. दूमचं कौतुक करा, पण आपल्या दाराशी काय होतं तेही बघा.

सुलभाताई_दादर
सोलापुरी चादर, अगदी खरं. आमच्या गल्लीत केरसुणी विकायला येणाऱ्या बाई गेल्या दिवाळीत आल्याच नाहीत.

हिरवा_माणूस
मग वनखात्याने दुष्काळी भागात ही होका-दूमची झाडं का लावू नयेत? खारी जमीन चालते, ऊन चालतं, जनावरांना फळं, माणसांना पानं. मराठवाड्यात एक मोहीमच काढली पाहिजे!

सोलापुरी_चादर
बाहेरचं झाड, कणखर झाड, सगळ्यांच्या उपयोगाचं झाड. हेच सांगून वेडी बाभूळ आणली होती. कच्छमध्ये बन्नीचा गवताळ पट्टा तिने गिळला. आमच्याकडे तळ्याचे काठ बघा, बैल आत जाऊ शकत नाही.

निवृत्त_सुभेदार
वेडी बाभूळ सुदानातही आणि उत्तर केनियातल्या तुर्काना भागातही हाताबाहेर गेली आहे. म्हणजे दूमच्या मूळ मुलखातच. नदीकाठच्या ज्या ओलीवर दूम उभा, तिथेच ती घुसते. शेळ्या तिच्या शेंगा खातात आणि बिया सगळीकडे पेरत फिरतात.

वनस्पतीवेडी
हिरवा माणूस, मोहीम नको. पण होका आणि वेडी बाभूळ यांना एका पंक्तीत बसवणंही बरोबर नाही. ती दोन-चार वर्षांत शेंगा धरते. होकाला फळ कधी येईल हे विचारायला झाड लावणारा माणूस तोवर टिकला पाहिजे.

आता रिक्षावाल्याकडे येते. या प्रजातीच्या मोजक्याच जाती आहेत. बहुतेक आफ्रिकेत, काही लाल समुद्राच्या पलीकडे अरबस्तानात, आणि एक आपल्या पश्चिम किनाऱ्यावर. आपली जी आहे तिला वनस्पतीशास्त्रात हायफिनी डायकोटोमा म्हणतात आणि ती स्वतंत्र जात मानली जाते. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची जी यादी १८३९ मध्ये छापली गेली तीत हे झाड आहे, तेव्हा त्याला ताडाच्याच प्रजातीत घातलं होतं. आजच्या शास्त्रीय नावाच्या शेवटी 'फुर्तादो' लिहितात. ते मूळचे गोव्याचे कायतान झेवियर फुर्तादो, सिंगापूरच्या बोटॅनिक गार्डनमध्ये काम करणारे ताडकुळाचे अभ्यासक. म्हणजे पोर्तुगीज भारतातला माणूस या झाडाला लाभला खरा, पण नाव देण्यापुरता.

गडकिल्ले_गणेश
१८३९ ने काय सिद्ध होतं? पोर्तुगीज दीवला १५३५ ला आले. तीनशे वर्षांत झाड लावून, वाढवून, रानात पसरून सगळं होऊ शकतं. शिवाय दीवच्या आसपास, गीरकडे सिद्दी लोक आहेत, आफ्रिकेतून आलेले. त्यांनी बी आणली नसेल कशावरून? गोवा, वसईतही पोर्तुगीजांनी काजू, अननस काय काय आणलंच की.

वनस्पतीवेडी
गणेश, सनाने काहीच सिद्ध होत नाही, मान्य. सिद्ध होतं ते झाडावरून. काजू ब्राझीलमधून आला, तो इथे लावला तरी काजूच राहिला, तिथल्या काजूशी जुळतो. होका आफ्रिकेतून चारशे वर्षांपूर्वी आला असता तर तो आफ्रिकेतल्या एखाद्या जातीशी जुळला असता. तो वेगळा निघतो. इतक्या संथ वाढणाऱ्या झाडाची नवी जात व्हायला चारशे वर्षं म्हणजे काहीच नाही.

सिद्दींनी फळ खायची रीत आणली का, अरब-आफ्रिकेच्या गलबतांतून दूमची फळं इथे येत होती का, हे वेगळे प्रश्न आहेत. त्यावर मी छातीठोक बोलणार नाही, तो मान रिक्षावाल्याचा.

गडकिल्ले_गणेश
ठीक. तात्पुरता तह.

मूषकराज
ताडाचे नातलग म्हणताय तर साधू-फकिरांच्या हातातलं काळं, दुहेरी आकाराचं भिक्षापात्र आठवलं. दर्याचा नारळ. तोही यांच्यातलाच का?

वनस्पतीवेडी
हो, तो सेशेल्सचा. तोही ताड-होका गोतावळ्यातलाच, जगातली सर्वांत मोठी बी. झाड कुठलं ते लोकांना माहीत नव्हतं तेव्हा समुद्रात वाहत आलेल्या कवट्या सापडत, म्हणून तो समुद्राच्या तळाशी उगवतो असं मानायचे. आमच्या आजीकडे त्याचा तुकडा होता, बाळांना उगाळून द्यायची.

डॉ_कडुलिंब
पुन्हा यावं लागणार असं दिसतंय.

मूषकराज
नको नको डॉक्टर, बसा. आमच्या आजीकडे हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, आणि एक असं काहीतरी होतं की ज्याचं नाव तिलाही...

संपादक_मंडळ
बाळगुटीवर आधीच तीन धागे आहेत. कृपया मूळ विषयावर या.

भटकी_मांजर
बापरे, दोन दिवस आले नाही तर धागा कुठल्या कुठे! सगळ्यांचे आभार. सरबताचा अहवाल:

उरलेल्या फळांची साल खरवडली, थर पाटीवर ठेचला, रात्रभर भिजवला. सकाळी घरभर काकवीसारखा वास. उकळून गाळलं. पहिल्यांदा साध्या गाळणीने गाळलं तर घशात कुसं लागली, मग सुती पंचातून गाळलं. रंग सुरेख येतो. मुलाने एका घोटात 'खोकल्याचं औषध' म्हणून बाजूला ठेवलं. सासूबाईंनी मात्र लिंबू आणि किंचित मीठ घालून मागून घेतलं, आणि उरलेलं त्यांच्या भिशीला ठेवायला सांगितलंय. दुधातला प्रयोग फसला नाही पण जमलाही नाही.

आता उरल्या बिया. सिन्नरला आमची थोडी कोरडवाहू जमीन आहे. बांधाला दोन-तीन लावाव्यात का? की सोलापुरी चादर रागावतील?

सोलापुरी_चादर
रागावत नाही. बांधाला आधी चार शिंदी लावा, मग हौस म्हणून होका. दोन्ही जगली तर मला बोलवा.

वनस्पतीवेडी
कुंडीत किंवा पिशवीत लावू नका, हा एकच हट्ट. या बीचा कोंब आधी वर येत नाही. एक जाड देठ बीतून निघून सरळ खाली जमिनीत शिरतो, रोप तिथे खोलवर तयार होतं आणि मग पान वर येतं. ताडाचंही असंच, तमिळनाडूत तो जमिनीतला कोंब खणून, उकडून खातात. पिशवीत हा देठ तळाला आपटून वाकतो आणि रोप खुरटतं. म्हणून जिथे झाड हवं तिथेच, पावसाच्या तोंडाला, खड्ड्यातली माती खोलवर भुसभुशीत करून बी पुरा. वरचा थर काढलाच आहे, ते बरं झालं. महिनोन्‌महिने काही दिसणार नाही, उकरून बघू नका.

आणि एकच लावलंत तर फळाची आशा धरू नका. नर की मादी हे फुलल्यावरच कळतं.

कोकणी_फणस
म्हणजे दोन-तीन लावायच्या, वीसेक वर्षं थांबायचं, आणि मग कळणार की तिन्ही नर आहेत. सातबाऱ्यावर नोंद करून ठेवा, पुढची पिढी विचारेल.

अर्नाळ्याचा_भंडारी
नर असला तरी वाया जात नाही. ताडाच्या नरालाही रस येतो. फक्त शेंड्याला हात लावू नका.

पक्या_विरारकर
आणि त्या वीस वर्षांत दर उन्हाळ्यात विरारला या, आमचे ताडगोळे आहेतच. पातळ साल ठेवून खा, सोलून नाही.

डॉ_कडुलिंब
पक्या, साल ठेवून खाल्ली की पोट दुखल्याची तक्रार घेऊन येणारे तुमच्याच गावचे असतात.

पक्या_विरारकर
डॉक्टर, ते गोळ्यांनी नाही, डझनभर एका बैठकीत खाल्ल्याने.

सुतारपक्षी
मांजरताई, लावून उरलेल्या बियांतल्या चार-पाच मला पाठवाल का? आपल्या होकाची बी मी अजून कापून पाहिलेली नाही. पोकळी केवढी आहे आणि पांढरी कडी किती जाड, ते बघायचंय.

भटकी_मांजर
पत्ता व्यनि करा, सोमवारी कुरिअर करते. मोबदल्यात बटणं हवीत, जांभळ्या कुर्त्याला.

सुतारपक्षी
दोन भोकांची की चार?